फौजी मुराळी

आमच्या गावाच्या फाट्यावर तो फ्लेक्स अजून आहे. पावसाने एका बाजूने सुटलाय, वाऱ्यावर फडफडतो. त्यावर बारकूचा फोटो, मागे रणगाडा, वर विमानं, आणि खाली लिहिलंय, ‘शत्रूला पाणी पाजणारा गावाचा वाघ’. पोरांनी मनापासून लावला, म्हणून त्यांना मी काही बोललो नाही. पण खरं सांगायचं तर बारकूने उभ्या नोकरीत पाणी पाजलं ते खेचरांना. रणगाड्याजवळ तो कधी गेला असलाच, तर सावलीला खेचर बांधायला गेला असेल.

बारकू म्हणजे माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, हिराचा, थोरला भाऊ. मागच्या मार्गशीर्षात ही गेली आणि यंदा श्रावणात तो गेला. आता घरात मी आणि एक म्हैस. पोरगा भिवंडीकडे गोदामात कामाला आहे, त्याची बायकामुलं तिकडेच. रविवारी येतो, डाळ-तांदूळ ठेवतो, ‘बाबा, चला तिकडं’ म्हणतो. मी नाही म्हणतो. तो जातो. मग मी भाजीला फाट्यावर जातो आणि त्या वाघाखालून परत येतो. हा माणूस असा नव्हता, हे कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

बारकूच्या घरात त्याच्या आधी कोणी फौजेत गेलेलं नव्हतं. फौजेत काय, कल्याणच्या पुढेही कोणी गेलेलं नव्हतं. आजा भात करायचा, बाप भात करायचा. बाप म्हणजे धर्माबाबा, माझे सासरे. आमचं गाव मुरबाडच्या अंगाला. मधून ओहोळ वाहतो. ओहोळाच्या अलीकडे घर आणि भाताची खाचरं, पलीकडे माळ. दिवाळी झाली की माळावरचं गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या, ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या. बारकू असाच एकदा गवताच्या ट्रकवर बसून माल उतरवायला गेला. येताना ठाण्याला उतरला तर एका मैदानात पोरांची रांग. कसली रांग म्हणून विचारायला गेला आणि रांगेतच उभा राहिला. साहेबाने पळायला लावलं, पळाला. छाती मोजली, भरली. अंगाला गवताची कुसळं चिकटलेली होती ती तशीच. घरी येऊन चकार शब्द बोलला नाही. बोलावणं आलं तेव्हा बापाला कळलं.

हे मला हिराने सांगितलेलं. ती तेव्हा चुलीशी बसलेली होती.

धर्माबाबा म्हणाले, “फौजेत जातोस? आन शेत कोन करील? तुजा आजा उठून येईल?”

बारकू म्हणाला, “बाय हाय ना.”

बाय म्हणजे हिरा. आमच्याकडे बहिणीला बाय म्हणतात. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. घाईने बाहेर पडणाऱ्याने मागे न बघता ‘दार लाव गो’ म्हणावं, तसं बोलला. पण त्या एका बोलण्यावर माझ्या बायकोचा जन्म ठरला. पोरगा गेला, शेत राहिलं, म्हातारा एकटा. मग पोरगी बाहेर द्यायची नाही, घरजावई बघायचा असं ठरलं. आणि घरजावई व्हायला येतो कोण? ज्याचं स्वतःचं काही नाही तो. म्हणजे मी. माझं मूळ गाव शहापूर तालुक्यात, आटगावपासून आत, पाड्यावर. आम्हाला उभं राहायला जमीन नव्हती. बाप दर साली वीटभट्टीवर जायचा, तिथंच मेला. मला इथे बायको मिळाली, खाचरं मिळाली, डोक्यावर कौलं आली. नुकसान झालं ते हिचं.

लग्नाला बारकू सुट्टी काढून आला होता. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पोरगी पाठवायची वेळ आली. आता पाठवायची कुठे? वरात मारुतीच्या देवळापर्यंत गेली, देवळाला वळसा घातला आणि परत त्याच दारात आली. ज्या बायांनी डोळे पुसत तिला बाहेर काढलं, त्याच पुढे पळत येऊन उंबऱ्यावर तांदळाचं माप मांडू लागल्या. हिराने माप ओलांडलं, स्वतःच्याच घरात शिरली आणि विचारलं, “मंग मी आता माहेरी जायाचं कुठं?”

लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो. बारकू हसला नाही. मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, तो तसाच उभा राहिला.

पुढे कितीतरी वर्षं तो सुट्टीला येत राहिला. गणपतीला नाही, दिवाळीला नाही, शिमग्याला नाही. तो यायचा उन्हाळ्यात, राब भाजायला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. भाताचं रोप करायच्या आधी त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमात येतं. याला आम्ही राब म्हणतो. पहिल्या वेळी सुट्टी मागायला गेला तेव्हा साहेबाने विचारलं, कशाला पाहिजे? हा म्हणाला, “साब, घर जाके खेत जलाना है।”

साहेब दचकला. “किसका खेत?”

“अपना, साब।”

“क्यों? झगड़ा हुआ है घर में?”

“नहीं साब. हर साल जलाते हैं. बाप भी जलाता है।”

साहेबाने सुट्टी तर दिली नाहीच, वर याच्या हातात माचिस देऊ नका म्हणून सांगितलं. शेवटी कोकणातला एक सुभेदार होता, त्याने मध्ये पडून समजावलं तेव्हा बारकू सुटला. हे सांगताना तो स्वतः हसायचा नाही. शेवटी फक्त म्हणायचा, “भावजी, आग लावाची सुट्टी मिळालेला फौजेत मी एकलाच.”

त्याची पलटण खेचरांची. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे खेचरांच्या पाठीवरून पीठ, रॉकेल, दारूगोळा वर जातो. हे काम त्याने जन्मभर केलं आणि ते त्याच्या अंगात मुरलं. घरी आला की नांगराला धरून आमच्या बैलांना म्हणायचा, “चल बेटा. शाबाश. आराम से.” आमचे बैल मुरबाडच्या बाजारातले. त्यांना कोणी कधी बेटा म्हटलेलं नव्हतं. ते उभेच राहायचे. हिरा बांधावरून ओरडायची, “दादा, शिवी दे रे त्यांना! नायतर हितंच पावसाळा लागंल.”

“शिवी दिल्यावर जनावर मनातून उतरतं गो.”

“उतरू दे, पन पुढं जाऊ दे!”

दोन्ही अंगाला वजन सारखं पाहिजे, हे त्याचं वेड होतं. म्हणायचा, “खेचर वजनानं मरत नाय, भावजी. वजन एका अंगाला पडलं का मरतं.” बाजारातून दोन हातात दोन पिशव्या घेऊन यायचा. एक हलकी लागली तर रस्त्यावरचा धोंडा उचलून तिच्यात टाकायचा. बाजार घरात ओतला की बटाट्यांतून धोंडा निघायचा. हिरा म्हणायची, “लोकांचे भाऊ बाजारातून जिलबी आनतात. आमचा धोंडा आनतो.” त्या धोंड्यांनी आमच्या परसातली अर्धी मोरी बांधून झाली, हे मात्र खरं.

दुसरं त्याचं बोलणं म्हणजे, “उतारावर घाई नाय.” चढावर जनावर दमतं पण पडत नाही, पडतं ते उतारावर, असं त्याचं म्हणणं. हे तो कशालाही लावायचा. ताप उतरत असला तरी, भांडण मिटत आलं तरी, पेज निवत ठेवली तरी. “उतारावर घाई नाय.”

पेन्शनीत आल्यावर शाळेने एकदा त्याला झेंड्याला बोलावलं. मास्तर भला माणूस. म्हणाला, पोरांना लढाईचं सांगा. बारकूने इस्त्रीचे कपडे घातले, छातीवर जी काय दोन-तीन बिल्ले-पदकं होती ती लावली, आणि पोरांना खेचरावर ओझं कसं लादायचं ते सांगितलं. दोरी कुठून घ्यायची, पट्टा कुठे आवळायचा, पोट फुगवून धरणारं खेचर कसं ओळखायचं. मग एका पोराला खेचर केलं आणि दुसऱ्यांची दप्तरं त्याच्यावर लादली. पोरं खिदळत होती. मास्तर हळूच म्हणाला, “फौजी, शत्रू कधी दिसला का, ते सांगा ना.”

“दिसला ना. समोरच्या डोंगरावर. त्यो बी खेचरं घिऊन चालला व्हता.”

“मग?”

“मंग काय. त्याची खेचरं चांगली खाल्लेली दिसली.”

असा हा गावाचा वाघ.

तो पेन्शनीत येणार असं कळलं तेव्हा माझी झोप उडाली. धर्माबाबा कधीच वारले होते. घर बारकूचं, खाचरं बारकूची, माझ्या नावावर अंगातला सदरा. इतकी वर्षं मी राबलो, हिने माझ्यापेक्षा दुप्पट कष्ट काढले, पण नाव कोणाचं? फाट्यावर चहाला गेलो की लोक मजा घ्यायचे. “काय जावय, बोचकं बांधलं का? मालक येतोय.” दुसरा म्हणायचा, “आटगावला ह्याचा पाडा हाय ना.” तिसरा म्हणायचा, “त्यो बी बायकोच्याच नावावर असंल.” मी चहा टाकून उठायचो.

बारकू आला. काळी पत्र्याची पेटी ओट्यावर ठेवली. हिराने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. जेवला, झोपला. सकाळी उठलो तर अंथरुणाची घडी घातलेली आणि माणूस नाही. परसातून बघितलं तर ओहोळाच्या पलीकडे, माळावर, टिकाव घेऊन खड्डे खणतोय. मला वाटलं शेरडांसाठी काही करत असेल. दुपारपर्यंत लाकडाच्या मेढी उभ्या राहिल्या तेव्हा हिरा पदर खोचून ओहोळातून पलीकडे गेली. मी तिच्या मागे.

“दादा, ह्ये काय चालवलंस?”

“घर.”

“कोनाला?”

“मला.”

“आन त्ये घर काय पडलं? बापाचं घर सोडून माळावर राहनार तू? लोक माज्या तोंडात शेन घालतील. म्हनतील, बहिनीनं भावाला भायेर काढला.”

“म्हनू दे.”

“काय म्हनू दे? तुला नाय, मला ऱ्हायाचंय गावात!”

त्याने टिकाव खाली ठेवला. घाम पुसला. मग सावकाश म्हणाला, “बाय, तू लग्नात इचारलेलंस ना, माहेरी जायाचं कुठं. सगळे हसले. मी तितं डोंगरात पन आयकायचो ते. बा नं मला इचारलं शेत कोन करील, आन मी तुजं नाव घिऊन मोकळा झालो. सगळं वजन तुज्या अंगाला टाकून गेलो गो. त्ये घर आता तुजं सासर. ह्ये तुजं माहेर. बांधून झालं का न्यायला येतो. आता जा घरी.”

हिराने एक मेढ हाताने हलवून बघितली. मग म्हणाली, “भाकर तरी धाडते.”

“नको. माहेरच्या मानसानं लेकीच्या घरची भाकर रोज खायाची नसते.”

“येडा झालाय,” ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि घरी येऊन दिवसभर माझ्याशीच भांडली. मला तर पहिलं हेच वाटलं की आपण वाचलो. दुसरं काही वाटायला वेळ लागला.

कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाचा गिलावा, वर कौलं. दर्शनी भिंतीला नंतर विटा आल्या, पण पहिलं घर असं. आमच्या परसातून हाक मारली की त्याच्या ओट्यावर ऐकू जाई, इतकं जवळ. लग्न त्याने केलं नाही. कोणी विषय काढला तर म्हणायचा, “माज्या अंगाला खेचराचा वास येतो, कोन नांदंल?” म्हणजे ते माहेर असं होतं, की तिथे ना आई, ना वहिनी. एकटा भाऊ आणि त्याची पेटी.

आणि त्या दिवाळीला तो न्यायला आला. बहिणीला सासरहून न्यायला जो येतो त्याला आमच्यात मुराळी म्हणतात. बारकू मुराळी म्हणून आला तो कोणाची तरी बैलगाडी मागून, इस्त्रीचे कपडे, पायात बूट, डोक्यावर फौजेतली टोपी. ओट्यावर पाहुण्यासारखा बसला. पाणी घेतलं, चहा घेतला. मला म्हणाला, “भावजी, भातं कशी हायेत यंदा?”

मी म्हणालो, “तुला रोज दिसतात की.”

“इचाराचं असतं.”

मग चहाची कपबशी खाली ठेवून, अंग सावरून म्हणाला, “बायला चार दिस धाडा.”

मला खरं म्हणजे राग आला. भात शेतात कापायला उभं, खळं सारवायचं, आणि हा बायको मागतोय. मी म्हणालो, “अरे, त्यो ओहोळ वलांडला का तुजं घर. तिला काय गाडी लागते? संध्याकाळी कापनी झाल्यावर चालत येईल.”

“चालत येईल ती शेजारीन. माहेरवाशीन गाडीतून येते.”

“आन कापनी?”

“मी येतो ना उद्या कापाया. बाय नाय येनार.”

हिरा आत उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता ही त्याला झापणार. तर ती आतून लग्नातला शालू नेसून, बोचकं बांधून बाहेर आली. केसात अबोली. मी बघतच राहिलो. गावभर बातमी झाली होती, सगळं गाव रस्त्याला. “काय गो हिरा, लांब चाललीस?” “पोचल्यावर सांगावा धाड हां!” गाडी ओहोळातून जात नाही, म्हणून गावाबाहेरून, ओहोळावरच्या रस्त्याच्या मोरीवरून, पार वळसा घालून गेली. मी परसात उभा राहून बघत होतो. समोर त्याचं रिकामं घर दिसतंय आणि ही दोघं माणसं तिथं पोचायला अख्खा माळ फिरतायत. मला हसू आवरेना. पण गाडी मारुतीपाशी वळली तेव्हा हिरा रडली म्हणतात. मोठ्याने, लहान पोरीसारखी रडली. गाडीच्या मागून चालणाऱ्या बाया हसायच्या थांबल्या.

चार दिवस त्याने तिला चुलीला हात लावू दिला नाही. स्वतः करायचा. त्याची आमटी म्हणजे पलटणीला पुरेल एवढी. हिरा त्याच्या ओट्यावरून मला ओरडून विचारायची, “आवो, म्हशीला पानी दाखवलंव का?” की आतून बारकूचा आवाज, “माहेरी आल्यावर सासरचं नाव नाय काढायचं!” एकदा तो कापणीला आमच्याकडे आला तेवढ्यात तिने त्याचं घर झाडून घेतलं. तो परत आला, बघितलं, आणि पाटी भरून पाचोळा पुन्हा अंगणात पसरून ठेवला. हे तिने मला नंतर सांगितलं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

मग दर दिवाळीला हेच. लोकांचं हसणं दोन-तीन सालांत थांबलं. पुढे पुढे गावातल्या सुना विचारायला लागल्या, “हिराकाकी, फौजी कवा येनार न्यायला?” दिवाळी आली हे कॅलेंडरपेक्षा त्यावरून कळायचं. बैलगाड्या गेल्या, तो रिक्षा घेऊन यायला लागला. मोठा रस्ता आला, डोंगर कापले, गावातली पोरं गोदामांत गेली, खाचरं निम्मी पडून राहिली. बारकूचे गुडघे सुजले. चार दिवस मात्र चुकले नाहीत.

मागच्या भाद्रपदापासून ही अंथरुणाला लागली. दवाखाने झाले, शहापूर झालं, कल्याण झालं, सगळीकडून शेवटी घरीच न्या म्हणाले. दिवाळी जवळ आली तशी ती एकच विचारायची, “दादा येईल ना न्यायला?” मी होय म्हणायचो. बारकू रोज येऊन तिच्या उशाशी बसत होता, पण ते येणं तिच्या हिशेबात नव्हतं.

पाडव्याला शेजारची वेसूबाय मला बाजूला घेऊन म्हणाली, “ह्या वेळेला धाडू नको हां. बाई मानसानं दिल्या घरातून जावं. तितं काय झालं तर दोनी घरांना बोल.” पोरगा घरी आलेला, तोही म्हणाला, “बाबा, आई उठून बसत नाय. मामाला सांगा, यंदा राहू दे.”

दुसऱ्या दिवशी बारकू आला. तसाच, इस्त्रीचे कपडे, टोपी. रिक्षा बाहेर उभी. ओट्यावर बसला, पाणी घेतलं. पोरगा काही बोलणार तेवढ्यात मला म्हणाला, “भावजी, बायला चार दिस धाडा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वेसूबाय दारातच उभी. तिथे काही झालं तर लोक काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. नाही धाडली तर काय होईल तेही समोर पडलेलं होतं. मी आत गेलो. विचारलं, “जायाचं हाय?”

हिरा म्हणाली, “साडी काढा माजी.”

मी बाहेर येऊन सांगितलं, “ने.”

तिला रिक्षात बसवायला बघितलं तर बसवेना. एका अंगाला कलंडायची, कळ लागायची. बारकूने रिक्षावाल्याला परत धाडलं. परसातला बांबू काढला, घोंगडी घेतली आणि डोली बांधली. इकडे आत पाड्यांवर अजून आजारी माणसाला असंच नेतात. गाठी त्याच्या हाताच्या, बघायचं काम नाही. पुढे पोरगा, मागे बारकू. मी बाजूने चालत. वळसा घालायला वेळ नव्हता, ओहोळातूनच उतरलो.

“मामा, जरा जल्दी,” पोरगा म्हणाला.

“उतारावर घाई नाय.”

डोलीतून हिरा म्हणाली, “दादा, मला खेचर केलंस का?”

“तू ओझं. खेचर मी.”

ती हसली. हसताना कळ आली तर ओठ दाबून हसली. पाण्यात मधोमध पोरगा थांबला. म्हणाला, “मामा, डोली तुज्याकडं सरकलीय. माज्या खांद्यावर काय लागतच नाय. वजन सगळं तुज्यावर आलंय. थांब, गाठ सारखी करू.”

मी बघितलं. गाठी बरोबर होत्या. त्याने मुद्दामच त्या मागे बांधल्या होत्या.

“गप चाल पुढं,” बारकू म्हणाला.

पोचवून मी आणि पोरगा परत आलो. जावयाने तिथे राहायचं नसतं. चौथ्या दिवशी तिला त्याच डोलीतून परत आणली. महिन्याभराने ती गेली, ज्या घरात जन्मली त्याच घरात. बारकू तिच्यानंतर दिवाळी बघायला थांबला नाही. त्याचं घर आता बंद आहे. कुडाची मागची भिंत पावसात बसली. मी दुरुस्त करीन म्हणतो, होत नाही.

पण त्याला मरताना मी बघितलं नाही, आणि तिला बघितलं ते सांगण्यासारखं नाही. दोघांचं मला जे दिसतं ते त्या चार दिवसांतल्या पहिल्या सकाळचं आहे. हिच्या गोळ्यांची पिशवी माझ्याकडेच राहिली होती, ती द्यायला मी निघालो. दव पडलेलं. ओहोळाच्या काठाशी आलो तर समोर ओट्यावर ऊन आलेलं, आणि त्या उन्हात हिरा मेढीला एक खांदा टेकवून बसलेली. अंगावर दोन घोंगड्या. मागे बारकू बसलेला, एक पाय लांब करून, गुडघा वाकत नव्हता म्हणून. वाटीत तेल. तो तिच्या डोक्याला तेल लावत होता. लावून झालं तशी फणी घेतली. केस तरी किती राहिले होते, चिमूटभर. त्याने त्यांचे तीन पेड केले, वेणी घातली, लांबून बघितली, सोडली, परत घालायला घेतली. हिरा डोळे मिटून काहीतरी बोलत होती, त्याला नावं ठेवत असणार. तो मान हलवत होता.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. वेणी पुरी होईस्तोवर मी अलीकडेच बसून राहिलो, पिशवी मांडीवर घेऊन.